मान सोडा, काका

आमच्या रावेरकडे पोहायला शिकायचं वय सात-आठ वर्षांचं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा, कमरेला दोर आणि दोराचं टोक मामाच्या हातात. विहिरीत कधी ढकलायचं ते मामा ठरवणार; पोराला विचारायची पद्धत नव्हती. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की केळीच्या बागांमधल्या विहिरी दुपारभर मुटक्यांनी दणाणायच्या. आप्पांना एकदा विचारलं, तुम्ही कसे शिकलात? म्हणाले, "त्यात शिकाचं काय रे? पडलो अन् निंघालो."

माझ्या वाट्याला ती विहीर आलीच नाही. यावल-रावेर पट्ट्यात केळी वाढली, मोटा जाऊन विजेच्या मोटारी आल्या आणि पाणी खाली खाली जात राहिलं. मी डोकावण्याच्या वयाचा झालो तेव्हा आमच्या विहिरीच्या कपारींत कबुतरं होती. शेजारी बोअर झाली. तिच्या सहा-आठ इंची पाइपावर बाग भिजते, पण त्यात पोरगं ढकलता येत नाही. तापी होती म्हणा. पण चांगदेवला पूर्णा तिला मिळते तिथपर्यंत हतनूर धरणाचं पाणी तुंबतं, आणि त्या पाण्याचं नुसतं नाव काढलं तरी आई जेवायचं सोडून उठायची.

म्हणून चाळिशी उलटल्यावर जळगावात टँकवर. सर विशीतले, मी काका. "मान सोडा, काका," हा त्यांचा एकच मंत्र. डोकं पाण्याबाहेर उचलून धरलं की कंबर आणि पाय खाली जातात. डोकं पाण्यावर टाकून दिलं की शरीर आडवं होतं. माणसाची घनता पाण्याच्या जवळपासच असते, छातीत हवा भरलेली असेल तर बहुतेक जण तरंगतात. हे मला कोण सांगणार? आर्किमिडीजचं तत्त्व मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. पण माझी मान आठवी पास नाही.

खरी गंमत श्वासाची आहे. पाण्यात तोंड घातल्यावर थोड्याच वेळात जीव घाबरा होतो, तो प्राणवायू संपला म्हणून नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू लागला की मेंदू 'श्वास घे' म्हणून ओरडू लागतो. आणि नवशिका काय करतो? भीतीने श्वास कोंडून धरतो, म्हणजे नेमका तोच वायू साठवत बसतो. डोकं वर काढल्यावर आधी सोडू की आधी घेऊ, या घाईत पाणी नाकात. सर म्हणतात, पाण्यात असताना सोडतच राहा, नुसते बुडबुडे काढा. मान वळवली की घेण्याचं काम छाती स्वतः करते. बाजूची दुसरी-तिसरीतली पोरं बुडबुडे हा खेळ समजून खिदळतात. मी मात्र कठड्याला धरून प्रत्येक बुडबुड्याचा हिशेब ठेवतो.

विहिरीची आठवण काढून हळहळणारे मित्र मला पुष्कळ आहेत. मला तितकंसं वाटत नाही. एक तर, जी पोरं वर आली नाहीत त्यांच्या गोष्टी मामालोक सांगत नसत. दुसरं म्हणजे, माझ्या आईला किंवा मावश्यांना कोणी डबा बांधून विहिरीत ढकललं नव्हतं. बागेला पाणी द्यायच्या कामात त्या होत्या, पोहण्यात नव्हत्या. इथे बायकांची वेगळी बॅच आहे, तिच्यात पन्नाशीच्या काकू आहेत, आणि आमच्या बॅचपेक्षा त्यांचा आवाज मोठा असतो.

आता सर मला खोल बाजूला न्यायचं म्हणतात. पोहणारा वरच्या दोन फुटांतच असतो, खाली पाच फूट असो की बारा, पाणी तितकंच उचलतं, असं त्यांचं म्हणणं. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक काढायला जागा नाही. मी होकार दिलाय. त्या दिवशी काठावर बांबू घेऊन उभा राहणारा माणूस रजेवर नाही ना, एवढं फक्त ऑफिसात विचारून ठेवलंय.