पत्र्याच्या डब्यातले कागद: एका प्रदर्शनाच्या तयारीचा माझा अनुभव

माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, विणकर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी तीन वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार ज्यात उतरले तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही, आणि बाबांना गिरणीने परत कामावर घेतले नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते. स्वतःचे काम सुट्टीच्या दिवशी करते. दीड वर्षापूर्वी एका कलादालनाने गिरणगावाच्या स्मृतींवर समकालीन कलावंतांचे समूहप्रदर्शन योजले आणि प्रस्ताव मागवले, तेव्हा हे काम आपलेच आहे असे वाटून मी अर्ज भरला. प्रस्ताव मंजूर होण्यापासून प्रदर्शन उतरवण्यापर्यंत जे घडले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण घरातली वस्तू आणि घरातली माणसे घेऊन कलादालनात जाणाऱ्या पुढच्या कुणाला त्याचा उपयोग होईल अशी मला आशा आहे.

माझा पहिला प्रस्ताव चाळीतली दहा बाय बाराची खोली जशीच्या तशी उभी करण्याचा होता. वातीचा स्टोव्ह, पत्र्याची ट्रंक, भिंतीशी लावलेल्या वळकट्या, खुंटीवरचा सदरा, मोरीच्या कठड्यावरची कळशी. संयोजकांना ही कल्पना फार आवडली. तीन महिने मी नातेवाइकांकडून आणि चोर बाजारातून वस्तू जमवल्या व शाळेच्या एका रिकाम्या वर्गात खोलीची कच्ची मांडणी केली. पाहायला आलेल्या सहकाऱ्यांनी स्टोव्हजवळ बसून छायाचित्रे काढून घेतली आणि ‘किती छान दिवस होते ते’ असे म्हणत ती मंडळी गेली. नंतर आई-बाबा आले. आई स्टोव्हकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “रॉकेलच्या रांगेत तुला कडेवर घेऊन उभी राहायचे, ते यात कुठे आहे?” बाबा आत आलेच नाहीत. दारातूनच त्यांनी विचारले, “इथे राहतंय कोण?”

त्यांनी तो प्रश्न अगदी साधेपणाने विचारला होता. आमच्या खोलीत आमच्या कुटुंबाशिवाय गावाकडचे चार जण राहत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागेवर आडवा होई. खोलीतल्या वस्तूंपेक्षा पाळ्यांचे हे वेळापत्रकच खरी खोली होती आणि ते माझ्या मांडणीत कुठेही नव्हते. मी चित्रपटाचा सेट उभा केला होता. वस्तू जुनी असली म्हणजे स्मृती आपोआप येते असे मी गृहीत धरले होते, आणि त्या गृहीतकावर तीन महिने घालवले होते.

याच सुमारास २०१९च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पाहिलेले सुधीर पटवर्धन यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन मला वारंवार आठवू लागले. पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत असताना चित्रे काढत राहिले; कामगारवस्तीतली त्यांची माणसे गोंडस होत नाहीत, दयेस पात्रही होत नाहीत, ती आपल्या जागी वजनदारपणे उभी असतात. दुसरे आठवले ते दयानिता सिंग यांचे ‘फाइल रूम’ (२०१३): दप्तरखान्यांतले फडक्यात बांधलेले गठ्ठे, वाकलेल्या मांडण्या आणि त्यांमध्ये काम करणारी माणसे यांची छायाचित्रे. कागद ही स्वतःच पाहण्याची वस्तू असू शकते हे मला त्या कामाने शिकवले होते. माळा आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा हाती लागला, तेव्हा ते शिकणे उपयोगी आले.

त्या डब्यात बाबांचा बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी घेतला जाणारा) असतानाचा पास होता, हजेरीचे तिकीट होते, पगाराच्या बावीस पावत्या होत्या, राज्य विमा योजनेचे कार्ड आणि भविष्यनिर्वाह निधीचा एक उतारा होता. मला वाटले, हेच आपले काम. मी खोलीचा प्रस्ताव मागे घेतला आणि केवळ हे कागद, त्यांच्या शेजारी बाबांचा आवाज, असा नवा प्रस्ताव लिहिला. संयोजकांना तो कोरडा वाटला, परंतु दोन बैठकांनंतर त्यांनी मान्यता दिली.

मग कागदांच्या संवर्धनाचे काम सुरू झाले आणि या टप्प्यावर मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले. संवर्धक बाईंनी पहिल्याच भेटीत मला काहीही स्वच्छ करू नकोस असे बजावले. पावत्यांना लावलेल्या टाचण्या गंजून कागदात रुतल्या होत्या. फाटलेल्या घड्यांवर चिकटवलेल्या पारदर्शक पट्ट्यांचा गोंद तपकिरी होऊन आरपार उतरला होता. शिक्क्यांची जांभळी शाई पाण्यात विरघळणारी असल्यामुळे ओल्या उपचारांचा प्रश्नच नव्हता. सर्वांत वाईट अवस्था विमा कार्डाची होती, कारण जपून राहावे म्हणून बाबांनी ते लॅमिनेट करून आणले होते. उष्णतेने वितळून कागदात मुरलेले ते प्लॅस्टिक आता सुरक्षितपणे काढता येत नाही. (ज्यांच्या घरी जुनी प्रमाणपत्रे आहेत त्यांनी ती कृपया लॅमिनेट करू नयेत. आम्लरहित कागदाचे लिफाफे पुरेसे असतात.) फाटलेल्या ठिकाणी बाईंनी जपानी टिश्यू कागदाच्या बारीक पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने, पाणी जेमतेम वापरून लावल्या, आणि ही खळी हवी तेव्हा सोडवता येते हे मला दाखवले. ज्या कापडी पिशवीत डबा ठेवलेला होता तिला कसर लागली होती. ती प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून दोन आठवडे उणे १८ अंशांच्या शीतकपाटात ठेवली. डांबराच्या गोळ्या त्यांनी ठामपणे नाकारल्या.

कागद सावरले, आणि नेमक्या त्याच वेळी बाबांनी ते देण्यास नकार दिला.

कलादालनाच्या करारपत्रात एक कलम होते: वस्तू स्वीकारल्यापासून प्रदर्शन उतरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन महिने, ती परत मागता येणार नाही. विम्याच्या दृष्टीने हे कलम रास्तच होते. पण बाबांसाठी हे कागद जुने झालेलेच नव्हते. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर नोकरीत असलेल्या कामगारांना अथवा त्यांच्या वारसांना गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी अर्ज करता आले, आणि आपण कामगार होतो हे सिद्ध करायला हजेरी पास, पगार पावती, विमा क्रमांक, निधीचा उतारा असेच पुरावे लागतात. पहिली सोडत २०१२ साली निघाली. बाबांचा अर्ज अजून छाननीतच आहे. पडताळणीचे बोलावणे कधीही येऊ शकते. “ते बोलावतील तेव्हा मी काय सांगू, माझी गिरणी काचेच्या पेटीत आहे म्हणून?” ते म्हणाले. माझ्या दृष्टीने जी स्मृती होती तो त्यांच्या दृष्टीने चालू व्यवहार होता, आणि त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

त्यामुळे मूळ कागद घरी राहिले आणि त्यांच्या प्रती प्रदर्शनात गेल्या. प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन केला, वजनाला जवळ जाणाऱ्या कागदावर छापला, घड्या हाताने घातल्या. निधी क्रमांक आणि पत्ता मात्र प्रतींवर झाकले. प्रतींमुळे अस्सलपणा जाईल अशी संयोजकांची हरकत होती. मी त्यांना प्रत्येक प्रतीखाली लावायची ओळ दाखवली: ‘प्रत. मूळ कागद वापरात आहे.’ त्यानंतर हरकत उरली नाही.

आवाजाच्या बाबतीतही असेच झाले. साच्यांचा खडखडाट ऐकू यावा म्हणून मी भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात जाऊन ध्वनिमुद्रण केले होते. बाबांनी ते अर्धा मिनिट ऐकले आणि हा आपल्या खात्याचा आवाज नव्हे, असे सांगितले. शेकडो साचे एकाच छपराखाली चालत तेव्हा कानाला वेगळा आवाज असा उरतच नसे, माणसे ओठांवरून बोलणे ओळखत. आजही ते घरात समोर बसलेल्या माणसाशी ओरडून बोलतात. मी भिवंडीचे मुद्रण काढून टाकले आणि बाबांचे बोलणे, त्यांच्या नेहमीच्या चढ्या आवाजात, कुठलीही पातळी खाली न आणता ठेवले. गिरणीचा आवाज त्यांच्या आवाजातच होता.

शेवटचा वाद भिंतीवरच्या मजकुराचा झाला. इंग्रजी मसुद्यात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द पाच वेळा आला होता आणि मराठी अनुवादात सर्वत्र ‘स्मरणरंजन’. बाबांना मजकूर वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “रंजन कुणाचं?” घरी येऊन मी त्या शब्दामागे लागले. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेलमधल्या आपल्या प्रबंधात तो घडवला, ग्रीकमधल्या ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या दोन शब्दांतून. परमुलखात राहणाऱ्या स्विस माणसांच्या आजाराचे ते नाव होते. मूळ शब्दात वेदना आहे आणि आपण केलेल्या प्रतिशब्दात रंजन आहे. हा प्रतिशब्द चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, पुष्कळ ठिकाणी तो नेमका बसतो. पण ज्या भिंतीवर बदली पास लावायचा तिथे तो बसत नव्हता. मी संयोजकांना सविस्तर पत्र लिहिले, आणि माझ्या विभागापुरता तो शब्द गाळून तेथे साधा ‘आठवण’ हा शब्द घालण्याची परवानगी मिळवली. यासाठी सहा आठवडे लागले. मराठी मजकूर इंग्रजीच्या खाली लहान टंकात न छापता त्याच आकारात शेजारी छापावा, हा आग्रहही त्या पत्रात होता.

मांडणीला चार दिवस पुरले. खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली होती आणि कापडी पिशवी, जी एकमेव मूळ वस्तू होती, तिच्यावरचा प्रकाश ५० लक्सच्या वर जाणार नाही याची मोजणी केली. जानेवारीतल्या कोरड्या हवेमुळे दमटपणाची चिंता कमी होती.

प्रदर्शन तीन आठवडे चालले. दुसऱ्या रविवारी डिलाईल रोडकडचे एक वयस्कर गृहस्थ नातवाला घेऊन आले. त्यांनी हजेरीचे तिकीट काचेवर बोट ठेवून वाचले, खालची ओळ दोनदा वाचली आणि मला विचारले, “या प्रती काढल्यात कुठे? माझ्या पावत्यांची अक्षरं उडायला लागलीत.” पुढच्या शनिवारी ते स्वतःची पिशवी घेऊन आले आणि सोबत आणखी दोघांना. कलादालनाच्या परवानगीने मी प्रवेशाजवळ एक टेबल मांडले, शाळेतला स्कॅनर आणला आणि उरलेल्या दिवसांत अकरा जणांचे कागद स्कॅन करून मूळ कागद त्याच क्षणी त्यांच्या हाती परत दिले. त्यांपैकी एक बाई खानावळ चालवत असत. त्यांच्याकडे जेवणाऱ्यांच्या हिशेबाच्या दोन वह्या होत्या, ज्यांत महिन्याची शेवटची नोंद कुणाची बाकी राहिली हे सांगत होती. जानेवारी १९८२ नंतरच्या पानांवर बाकीचा रकाना भरत गेलेला आणि जमेचा रिकामा. त्या वहीपुढे मी बराच वेळ बसून होते. प्रदर्शनातल्या कुठल्याही कलाकृतीने, माझ्या कामासह, संपाचे ते महिने इतके स्पष्ट दाखवले नव्हते.

शेवटच्या दिवशी बाबा मूळ कागद घेऊन आले. काचेच्या पेटीपुढे उभे राहून त्यांनी एकेक कागद प्रतीशी ताडून पाहिला आणि बदली पासावरचा जांभळा शिक्का प्रतीत फिका आला आहे, तो सुधारून घे, असे सांगितले. मी तो पुढच्या आठवड्यात नव्याने छापून घेतला. मूळ कागद आता आम्लरहित लिफाफ्यांत आहेत, प्रत्येकावर पेन्सिलने क्रमांक घातला आहे. डबा पुन्हा माळ्यावर गेलेला नाही. बोलावणे आले तर लगेच हाती लागावा म्हणून बाबांनी तो दाराजवळच्या कपाटात, वरच्या खणात ठेवला आहे.