शेगडी पेटवायला सात आठवडे

दारू सोडलेल्यांना जेवण शिकवायचं तर आधी काहीतरी शिजायला हवं ना? एवढं पटवायला मला सात आठवडे आणि एसटीच्या पाच फेऱ्या लागल्या.

मी मालवणची, गृहविज्ञानाची निवृत्त शिक्षिका. व्यसनमुक्ती केंद्राने बोलावलं, खोली दिली. मग कळलं, विळी-शेगडी आत न्यायला 'वरची' परवानगी लागते. विळीचं मी समजू शकते. शेगडीचं?

अर्ज दिला. दुसऱ्या फेरीला कारकून म्हणाले, "यात 'स्वयंपाक' लिहिलंय, तो प्रशिक्षणात बसत नाही." 'प्रात्यक्षिक' लिहिलं. तिसऱ्या फेरीला साहेब मीटिंगला. माझ्या अर्जावर चहाच्या कपाचं वर्तुळ. चौथ्या फेरीला वर्तुळं दोन, आणि सल्ला: "पाककृती तोंडीच सांगा ना मॅडम, लिहून घेतील." ज्यांचे हात अजून थरथरतायत, ते लिहून घेणार! पाचव्या फेरीला सही मिळाली: विळी नको, गॅस नको, विजेची शेगडी चालेल. ती केंद्राच्या कपाटात पहिल्या दिवसापासून पडून होती. तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच अर्जात 'विजेची शेगडी' लिहा, भाजी घरून चिरून न्या. आणि पोच घ्या, मी पहिल्यांदा घेतली नव्हती.

वर्ग सोपा गेला. दारूमुळे शरीरातलं बी१ जीवनसत्त्व घटतं. त्याच्या गोळ्या-इंजेक्शनं डॉक्टर बघतात, मी ताट बघते. उकडा तांदूळ, कुळीथ, शेंगदाणे. टरफलासकट भात उकडताना कोंड्यातलं बी१ दाण्यात शिरतं, म्हणून उकडा भात. आणि पेज ओतून द्यायची नाही. दारू सुटली की गोडाची ओढ लागते, खिशात बिस्किटांचे पुडे सापडतात. उपाशी राहिलं की ती वाढते, म्हणून सकाळी नाचणीची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं.

एक चूक माझी. आंबवलेली आंबील नेली. एकाने वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली. "बाई, हेका माडीचो वास येता." तो उठून बाहेर गेला. तेव्हापासून नाचणी ताज्या ताकात, आंबवणं बंद. हो, डायसल्फिरामची गोळी (दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून देतात ती) चालू असेल तर व्हिनेगरचं लोणचंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

वर्गाच्या चौथ्या आठवड्यात तोच माणूस कुळथाच्या पिठीतल्या गुठळ्या डावाने दाबत होता. चाखून म्हणाला, "मीठ कमी हा."

परवानगी तीन महिन्यांचीच आहे. नवा अर्ज कालच टाकला, पोच घेऊन.