करमतं का इकडे, तुम्ही विचारलंत म्हणून

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही चिपळूणचं बिऱ्हाड विदर्भात हलवलं, तेव्हापासून "करमतं का आता?" हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. चिपळूणची माणसं फोनवर विचारतात, आणि इथे दर्यापूर तालुक्यातल्या या गावात चक्कीवर, किराण्यात, एसटीची वाट बघताना बाया विचारतात, "करमते काय बाई आता?" मी "हो, करमतं" म्हणून मोकळी होते. दळणाचा डबा डोक्यावर असताना त्याहून लांब उत्तर देता येत नाही. पण परवा शेजारच्या वहिनींची भावजय मुद्दाम घरी येऊन बसली. तिच्या नवऱ्याची बदली सावंतवाडीला झाली आहे. मुलं, सासूबाई, सगळं बिऱ्हाड घेऊन जायचं आहे. तिला नीट ऐकायचं होतं की एवढ्या लांब घर हलवलं की त्रास नेमका कशाचा होतो. तिला जे सांगितलं तेच इथे सांगते.

ऊन म्हणाल, तर उन्हाबद्दल आम्हाला निघण्याआधीच सगळ्यांनी सांगितलं होतं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, हे ऐकूनच आलो होतो. कूलर घेतला, वाळ्याच्या ताट्या लावल्या, दुपारी दारं लावून घ्यायला शिकलो. ज्याची आगाऊ खबर असते त्याचा बंदोबस्त होतो. आम्हाला जेरीस आणलं ते कोणीच न सांगितलेल्या गोष्टींनी. आणि कोणी सांगितल्या नाहीत, कारण इथल्या माणसाला त्या जन्मापासून माहीत असतात. सांगण्यासारखं त्यात काही आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

पाण्याचंच बघा. आमच्या नवऱ्याची नोकरी शेतीकर्ज देणाऱ्या एका खासगी कंपनीत. बदलीची ऑर्डर आली, आम्ही मुंबईहून अमरावती एक्सप्रेसने मूर्तिजापूरला उतरलो आणि तिथून एसटीने दर्यापूर. सामान ट्रकने मागून आलं. घरमालकांनी बोअरचा नळ दाखवला, भरपूर पाणी आहे म्हणाले, मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी तुरीचं वरण लावलं तर शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी डाळ अख्खीच्या अख्खी. दाणा बोटात दाबला तर मधे टणक कणी. मला वाटलं डाळ जुनी असेल. दुकानातून दुसरी आणली, कुकरची रिंग बदलली, डाळ रात्रभर भिजत घातली. तरी पाणी वेगळं आणि डाळ वेगळी. धुणं धुवायला बसले तर साबणाला फेस नाही, नुसता पांढरट साका कपड्यावर बसायचा. नहाल्यावर केस राठ व्हायचे, कंगवा फिरायचा नाही. शेवटी वहिनींनीच दारातून बघितलं आणि म्हणाल्या, "बोअरच्या पान्यानं डाय शिजते काय बाई? नयाचं पानी टाकजा."

हा सगळा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. जमिनीखालचं पाणीच खारं आणि जड. पिण्याचं गोडं पाणी येतं ते शहानूर धरणावरच्या योजनेतून, आणि ते रोज येत नाही. म्हणून इथल्या प्रत्येक घरात दोन पाण्यांचा हिशेब असतो. डाळ, चहा, पिणं नळाच्या पाण्यावर, भांडी, धुणं, सडा बोअरच्या पाण्यावर. नळ येणार त्या दिवशी बाई घर सोडत नाही. चिपळूणला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि विहिरीचं पाणी मऊ. तिथे वाढलेल्या माझ्या डोक्यात 'पाणी आहे का' एवढाच प्रश्न होता, 'कोणतं पाणी' हा नव्हताच. घर बघायला आलो तेव्हा मी विचारायला हवा होता तो प्रश्न मला माहीतच नव्हता, आणि घरमालकांना तो सुचायचं काही कारण नव्हतं.

घराच्या भिंतींचंही तसंच. न्हाणीघराच्या कोपऱ्यातून छतापर्यंत गेलेली तिरपी भेग बघून मी नवऱ्याशी भांडले, हे घर पडेल म्हणून. नंतर गावात फिरले तर बहुतेक घरांना तशी भेग. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पायासकट भिंत हलते. मे महिन्यात शेतात अशा भेगा पडतात की काठी आत जाते. जांभ्याच्या दगडावर उभ्या घरात राहिलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्या फणसाच्या लाकडाच्या कपाटालाही इथली कोरडी हवा मानवली नाही. फळी मधोमध तडकली. सासूबाईंच्या लग्नातलं कपाट ते. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण त्या फळीवरून हात फिरवताना मी त्यांना बघितलं आहे.

मग पाऊस. सरासरी 700 ते 800 मिलिमीटरचा पाऊस म्हणजे आम्हाला चेष्टा वाटली होती. पण इथला चिखल चिपळूणच्या पावसात नाही. चपलेला तो असा धरतो की चार पावलांत पाय उचलवत नाही. स्कूटरच्या मडगार्डमध्ये माती गच्च बसून चाक फिरायचं थांबतं, मग काडीने उकरत बसायचं. शेताच्या वाटेला पावसाळ्यात गाडी घालायची नाही, हेही कोणी सांगितलं नव्हतं.

कागदपत्रांचा त्रास मात्र निराळा. तिथे माहिती नसल्याचा दोष गावावर टाकता येत नाही. धाकट्याचा शाळा सोडल्याचा दाखला आम्ही निघतानाच आणला होता. इथे कळलं की कागद पुरत नाही. नव्या शाळेने ऑनलाइन विनंती पाठवायची, जुन्या शाळेने ती मान्य करायची, तेव्हा कुठे मुलाचं नाव इकडच्या पटावर येतं. विदर्भात उन्हामुळे शाळा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. त्यामुळे इकडून विनंती गेली तेव्हा तिकडच्या शाळेत प्रवेशांची धांदल होती आणि आमचा फोन कोणी मनावर घेईना. पटावर नाव नाही म्हणून पुस्तकांच्या मागणीत नाव नाही. पोरगं शेजारच्या मुलाच्या पुस्तकात डोकं घालून बसायचं. इथल्या मुख्याध्यापकांनी मात्र पहिल्या दिवसापासून त्याला वर्गात बसवलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात दाखल्यासाठी प्रवेश अडवायचा नाही असं स्पष्ट आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. हे पालकांना आधी माहीत असतं तर किती जणांची झोप वाचेल!

मोठीची गोष्ट अजून मिटलेली नाही. ती बारावीला आहे, पुढच्या प्रवेशाला जातीचा दाखला आणि पडताळणी लागणार. सेतूमध्ये गेले तर तिथल्या मुलाने कागद बघून सांगितलं, हे इथे होणार नाही. ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख धरतात. त्या दिवशी कुटुंबाचं कायमचं राहणं जिथे होतं, तिथल्याच उपविभागीय अधिकाऱ्यांकडून दाखला निघतो. सासऱ्यांचं मूळ गाव गुहागर तालुक्यात. म्हणजे सगळं तिकडे. दाखला तर मिळाला, पडताळणीची फाइल रत्नागिरीच्या समितीकडे आहे. आम्ही चिपळूणला होतो तेव्हा हे काम सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं होतं. आता एक त्रुटी निघाली की रजा, तिकीट, रात्रीचा प्रवास. मला याचा राग येतो, आणि तो राग मी लपवत नाही. माणसाच्या बदलीचा आदेश एका कागदावर निघतो, पण त्याच्या मागे येणाऱ्या लेकराबाळांचं काय काय हलवावं लागतं, ते एका कागदावर लिहून कोणी देत नाही. गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर, मतदार यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म 8, हे सगळं आम्ही एकेका खिडकीवर परत पाठवले गेल्यावर शिकलो.

माझं स्वतःचं काम शिवणाचं. चिपळूणला गणपतीआधी माझ्याकडे ब्लाउजचे ढीग असायचे, चाकरमानी येणार म्हणून. इथे मशीन मांडलं, पाटी लावली, दिवसभर बसून राहिले, कोणी फिरकेना. मला वाटलं माझी शिलाई आवडत नसेल. तसं काही नव्हतं. बाया दिवसा घरी नसतातच. निंदणाच्या दिवसांत निंदायला, दसऱ्यानंतर कापूस वेचायला, सकाळी भाकरी बांधून गेलेल्या त्या दिवेलागणीला येतात. त्यांना कापड टाकायला वेळ मिळतो रात्री, जेवणं झाल्यावर. पैसेही महिन्याच्या हिशेबाने येत नाहीत, कापूस विकला की येतात. "कापूस गेला की देतो बाई," हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरले होते. पण दिवाळीनंतर त्या बाया आपणहून आल्या आणि देणं चुकतं करून गेल्या. आता मी दुकान संध्याकाळी उघडते, महालक्ष्म्यांच्या आधी अस्तराचं कापड भरून ठेवते, उधारीची वही वेगळी.

करमतं का, याचं उत्तर द्यायचं तर काही दिवशी करमतं, काही दिवशी नाही. घरमालक माळकरी आहेत, घरात मासळी चालत नाही, आणि श्रावण संपला की मला सुक्या जवळ्याच्या वासासाठी जीव टाकावासा वाटतो. संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात सामुदायिक प्रार्थना सुरू झाली की सासूबाई जाऊन बसतात. त्यांचं माझ्याआधी जमलं, याचं मला फार बरं वाटतं.

भावजयीला मी म्हटलं, तिकडे पाणी गोड आहे, डाळ दोन शिट्ट्यांत शिजेल, त्याची काळजी करू नको. पण कपड्यांना बुरशी येते आणि पावसाळ्यात चार-चार दिवस काही वाळत नाही, हे तुला तिथे कोणी सांगणार नाही. ओले कपडे वाळवायची जागा बघून घर घे. मसाला, पापड उन्हात कडक करूनच ने. आणि मुलांचे जातीचे दाखले, गाव सोडण्याआधी इथूनच काढ. तुझ्या सासऱ्यांचं दाखल-खारीज म्हणजे शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची नक्कल, जे काय निघेल ते आत्ताच. तिला यातलं एकही माहीत नव्हतं. सोमवारी आम्ही दोघी तहसीलला जातो आहोत.