कर्ली खाडीतला कयाक क्लब आणि त्याचे तिथीवार वेळापत्रक

कर्ली नदी समुद्राला मिळण्यापूर्वी देवबागच्या चिंचोळ्या पट्टीमागून बरेच अंतर किनाऱ्याला समांतर वाहते, आणि त्यामुळे एका बाजूला लाटांचा समुद्र व दुसऱ्या बाजूला संथ खाडी, असे दोन स्वभावांचे पाणी इथे चालत जाण्याच्या अंतरावर मिळते. या खाडीच्या काठी आमचा एक छोटा कयाक आणि कॅनू क्लब आहे. पर्यटकांना अर्धा तास फिरवून आणणारी केंद्रे तारकर्ली परिसरात पुष्कळ असल्यामुळे क्लबही तेच करत असावा, असा अनेकांचा समज होतो. म्हणून तिथे प्रत्यक्षात काय चालते, ते सविस्तर लिहावेसे वाटले.

सुरुवात प्राथमिक वर्गापासून होते. कयाकमध्ये पाय लांब करून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आलटून पालटून मारायचे, तर कॅनूमध्ये गुडघ्यावर किंवा आडव्या फळीवर बसून एकाच पात्याचे वल्हे चालवायचे, हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो. त्यानंतरचा बराच वेळ मात्र होडी उलटवण्यात जातो. नव्या माणसाला हे विचित्र वाटते, पण माझ्या मते क्लबचा सर्वांत मोलाचा उपक्रम हाच आहे. वरून उघडी असलेली कयाक उलटली, तर ती सरळ करून आडवे पडून पुन्हा चढता येते. बंदिस्त कयाकमध्ये मात्र कमरेभोवती पाणी अडवणारा पडदा ताणलेला असतो आणि पाण्याखाली डोके असताना त्याची पुढची दोरी ओढून, दोन्ही हातांनी काठाला रेटा देऊन बाहेर निसटावे लागते. मग जोडीदाराने त्या उलट्या होडीचे नाक आपल्या होडीवर ओढून घ्यायचे, आतले पाणी ओतून द्यायचे, होडी सरळ करून घट्ट धरायची आणि पाण्यातल्या माणसाने मागच्या बाजूने वर चढायचे. ही सगळी कसरत जमल्याशिवाय कोणालाही मुख्य प्रवाहात नेले जात नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्या पिढीला तरंगजाकिटाचा थोडा कमीपणा वाटतो, परंतु जाकीट नसेल तर होडी मिळत नाही, आणि या नियमाला अध्यक्षही अपवाद नाहीत. सराईत वल्हेकऱ्यांसाठी जे हलके जाकीट असते ते माणसाला नुसते तरंगवते. बेशुद्ध माणसाचे तोंड वर करील असा भरवसा त्याचा देता येत नाही, हे अनेक वर्षे होडीत बसलेल्यांनाही ठाऊक नसते.

वल्हे मारण्याचे तंत्र शिकवताना दंडापेक्षा कमरेच्या वळण्यावर भर असतो. हाताने ओढणारा थोड्याच वेळात थकतो. कंबरेतून वळणारा दिवसभर जाऊ शकतो. हे सांगायला एक ओळ पुरते, अंगात मुरायला मात्र अख्खा हंगाम जातो.

क्लबच्या सहली कशा ठरतात, हा मला सर्वांत रंजक वाटणारा भाग आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते आणि एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. सकाळची सहल आखणाऱ्याला एकादशी फार सोयीची पडते, कारण साडेसहाला निघून चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जाता येते, भरती पुरी झाल्यावर थोडे थांबता येते आणि ओहोटीबरोबर परतता येते. शिवाय ते दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, किंवा त्याच्या जवळचे असल्यामुळे पाण्याला ओढ कमी असते. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, त्यामुळे परतीची घाई करून चालत नाही. अर्थात नेमक्या वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहिली जातातच. तरीही फलकावर तारखेशेजारी तिथी लिहिलेला क्रीडा क्लब फार ठिकाणी असेल असे मला वाटत नाही.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो. ऊन चढले की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दुपारी तो वायव्येकडून चांगलाच जोर धरतो. मुखाजवळ ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समोरून लाटा आल्या, की त्या आखूड आणि उभ्या होऊन वाळूच्या दांड्यावर फुटतात. आमच्या सहलींबरोबर असणारे तात्या हे आयुष्य मासेमारीत घालवलेले गाबीत गृहस्थ आहेत; ते घड्याळ न पाहता "वारो उठलो हा, आता फिरा," एवढेच म्हणतात आणि त्यावर चर्चा होत नाही.

कांदळवनातली फेरी ही पाहुण्यांची आवडती सहल. कांदळाची आधारमुळे, तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, झाडावरच रुजून खाली लोंबणाऱ्या कांदळाच्या शेंगा, हे सारे पाण्याच्या पातळीवरून आणि इंजिनाच्या आवाजाविना पाहण्यात निराळीच मौज आहे. पांढऱ्या चिपीला 2020 मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. तिच्या फांदीवर बसलेला खंड्या कयाक बरीच जवळ येईपर्यंत उडत नाही. पावसाळ्यानंतरची पहिली फेरी मात्र पोती घेऊन निघते, कारण मुळांत अडकलेल्या बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे काढायला कयाकइतकी अरुंद आणि उथळ पाण्यात चालणारी दुसरी होडी नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल त्या बाजूला फिरकायचे नाही आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या बायकांच्या जवळून होड्या दामटायच्या नाहीत, हे इथले लेखी नियम आहेत.

चांदण्यातल्या सहलीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. कोजागरीला तिची मागणी सर्वाधिक असते आणि अनेकजण त्याच रात्री वल्ह्याखाली चमकणारे निळे पाणी पाहायला मिळेल का, असेही विचारतात. ती चमक सूक्ष्म जीव ढवळले गेल्यामुळे दिसते, बहुधा थंडीच्या दिवसांत दिसते, आणि तिला काळोख लागतो. चांदणे आणि ती एकाच रात्री मागणे म्हणजे सूर्यग्रहणाला दुपारचे ऊन मागण्यासारखे आहे. रात्री मागे राहिलेला नवखा माणूस चटकन दिसत नाही, म्हणून ही सहल फक्त जुन्या सदस्यांपुरती ठेवावी, असे मी सभेत मांडले होते. ते मान्य झाले नाही, मात्र प्रत्येक होडीवर दिवा आला.

शाळकरी मुलांच्या गटाला शर्यतीची ओढ आहे. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ 1936 पासून असला, तरी आपल्याकडे त्याची चर्चा झाली ती 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी दोघांच्या कॅनूच्या 1000 मीटर शर्यतीत कांस्य मिळवल्यावर. प्राची यादव ही टोकियो पॅरालिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी खेळाडू भोपाळच्या तलावावर तयार झाली, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांना वाटते की समुद्र जवळ आहे म्हणजे निम्मे काम झाले. शर्यतीची कयाक इतकी अरुंद असते, की जराशा लाटेतही नवशिक्याला तीत बसवत नाही. तिला सपाट पाणी आणि रोजचा सराव लागतो. आमच्याकडे हा सराव पहाटेच्या शांत पाण्यातच होतो आणि वारा सुटला की संपतो.

जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात जात नाहीत. त्या काळात प्लास्टिकच्या होड्यांचे तडे गरम करून सांधणे, दोरांच्या गाठी, प्रथमोपचार आणि छातीवर दाब देऊन श्वास परत आणण्याचा सराव चालतो. उपस्थिती रोडावते, पण पुढच्या हंगामात सहलींना सोबत करणारे बहुतेक जण याच पावसाळी वर्गांतून पुढे येतात.

सध्या वाद आहे तो देवबागच्या मुखातून बाहेर पडून भोगव्यावरून निवतीपर्यंत किनाऱ्याने जाण्याच्या सहलीचा. तरुणांना ती याच थंडीत हवी आहे. माझे मत असे, की बंदिस्त कयाकमधून बाहेर निसटणे आणि खोल पाण्यात जोडीदाराला वर घेणे हे दोन्ही तात्यांसमोर करून दाखवणाऱ्यांचीच नावे यादीत यावीत, मग ती यादी चार जणांची झाली तरी चालेल. पुढच्या बैठकीत त्यावर मतदान आहे.