आमची वाटचाल : पेरॉक्साइड कमी, गाळ कमी

हिंगणघाट-वर्धा पट्ट्यातल्या छोट्या रंगाई युनिटांचं सांडपाणी साफ करायची यंत्रणा आम्ही बसवतो. सुरुवात साध्या फेंटन पद्धतीने केली : हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही मिळून रॅडिकल, म्हणजे रंग तोडणारे अतिक्रियाशील कण, तयार होतात. रंग तासाभरात उतरतो, मालक खूश होतो. खरं दुखणं नंतरचं, गाळाचं आणि पेरॉक्साइडच्या बिलाचं.

हिशेब पाहा. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं रासायनिक माप) लिटरला ८०० मिलिग्रॅम असलेल्या १,००० लिटर पाण्याला कागदावर ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड ३.४ किलो लागतं. आम्ही निम्मंच देतो. उरलेलं काम पुढच्या टाकीतले जिवाणू स्वस्तात करतात. या १.७ किलोसोबत हिराकस साधारण ४२५ ग्रॅम, म्हणजे लोह ८५ ग्रॅम. त्याचा कोरडा गाळ १६० ग्रॅमच भरतो, पण तळातून निघतो तेव्हा पाण्यासकट आठेक किलो.

क्रम चुकला की माल वाया. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या पाण्यात सोडा असतो आणि कार्बोनेट रॅडिकल खाऊन टाकतं. म्हणून आधी सल्फ्युरिक अ‍ॅसिडने पीएच ३, मग थोडा वेळ हवा सोडून कार्बोनेटचा वायू घालवायचा, मग हिराकस, आणि पेरॉक्साइड तीन-चार हप्त्यांत. एकदम ओतलं तर जास्तीचं पेरॉक्साइडच रॅडिकल संपवतं. पीएच ४ च्या वर गेला की लोह खाली बसतं. फेस भरपूर, रंग जागच्या जागी. शेवटी चुन्याने पीएच ८.

आता काही ठिकाणी हिराकसऐवजी लोह चढवलेला दाणेदार कोळसा स्तंभात भरतो. गाळ बराच घटतो. मात्र आम्लात लोह हळूहळू सुटतंच, त्यामुळे बाहेरच्या पाण्यातलं लोह दर आठवड्याला तपासायचं. आधी बारीक जाळी आणि वाळूचा फिल्टर हवाच, नाहीतर कापसाचं तूस स्तंभ बुजवतं.

सीओडीचा आकडा अचानक वाढला तर आधी स्टार्च-आयोडाइडची पट्टी बुडवा. निळी झाली तर पेरॉक्साइड शिल्लक आहे, आणि चाचणीत तेही सीओडी म्हणूनच मोजलं जातं.

पेरॉक्साइडचे ड्रम सावलीत, हवा जाणाऱ्या झाकणाचेच ठेवावेत. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात गच्च बंद ड्रम फुगून फुटू शकतो.

मीठ या पद्धतीने जात नाही. टीडीएसची (विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाची) अट असेल तर आरओ वेगळा लागतो. तो खर्च आम्ही कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवतो.