आमची वाटचाल : नाइट ड्युटीची कॉफी

मिरजेत कॉफी भाजायचं दुकान काढतोय म्हटल्यावर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, इथे चहा सोडून कोण काय पितं? पण मिरज हे कर्नाटकाच्या दारातलं गाव. बेळगाव, विजापूरकडचे पेशंट इथे रोज उतरतात आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं सकाळी सकाळी कॉफी शोधत फिरतात. त्यांच्या भरवशावर 2017 साली मी आणि माझ्या यजमानांनी दवाखान्यांच्या रस्त्याला एक गाळा घेतला. पाच किलो कॉफी भाजणारा रोस्टर आणि एक ग्राइंडर, एवढंच भांडवल. माल चिकमगळूरचा. पहिली दोन वर्षं तो आणायला यजमान स्वतः जायचे. रात्रीच्या गाडीनं कडूर, तिथून बसनं चाळीसेक किलोमीटर, आणि परत येताना गाडीत पोत्याशेजारी झोप.

धंदा बेताचा चालला होता. ‘सिस्टर लोकांसाठी खास कॉफी’ ही कल्पना आली 2021 मध्ये. डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांवर जगतंय. इथे दर तिसऱ्या गल्लीत एखादी नर्स राहते. आमच्या घरातच एक आहे. माझी थोरली बहीण बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली नऊ आयसीयूत. कोविडच्या पहिल्या लाटेत लोकांनी त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं, आपण त्यांच्या नावानं काहीतरी चांगलं करावं, आणि खरं सांगायचं तर त्यात धंदाही दिसत होता. 12 मे, जागतिक परिचारिका दिन, हा मुहूर्त धरला.

पाकीट गुलाबी. वर नर्सची टोपी, मधोमध हृदय आणि त्यातून जाणारी ईसीजीची रेघ. खाली ‘सिस्टर स्पेशल, कडक’. कडक हवी म्हणून कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टा जास्त घातली, कारण तिच्यात दुसरीच्या, म्हणजे अरेबिकाच्या, जवळपास दुप्पट कॅफिन असतं. रात्रभर जागायचं तर हेच लागणार, असा आमचा हिशेब. छापणारा कमी घ्यायला तयार नव्हता, म्हणून पाकिटं थेट हजार छापली.

पहिलं पाकीट ताईच्या हातात दिलं. ती नाइट करून आलेली, अजून तोंडही धुतलं नव्हतं. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे नेलं.

“अगं, हा कुणाचा ईसीजी आहे? यात पी वेव्हच नाही, ठोक्याआधीचा तो छोटा उंचवटा. असा पेशंट मॉनिटरवर दिसला तर मी आधी डॉक्टरांना हाक मारीन.” मग पाकीट टेबलावर पालथं ठेवून म्हणाली, “रात्रभर हेच बघते मी. घरी चहाच्या डब्याशेजारी पण हेच बघू?”

ते पालथं ठेवलेलं पाकीट मी विसरू शकले नाही. तरीही आम्ही ते विकायला काढलं, कारण हजार पाकिटं घरात पडली होती.

नर्सेसनी ते घेतलं नाही. ज्यांनी घेतलं त्यांनी ताईच्या भिडेखातर घेतलं, आणि दुसऱ्यांदा कुणी आलं नाही. मग मी ताईच्या ओळखीनं महिनाभर वेगवेगळ्या सिस्टरांशी बोलले. काहीजणी घरी आल्या, काहींना ड्युटी सुटल्यावर गेटवर गाठलं. एका ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, शांतपणे विचारलं, “मॅडम, आम्ही पण रात्री जागतो. आमचं नाव कुठंय?” सरकारी कागदावर तेव्हा अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदं होती आणि तिथेही या मुलांसाठी शब्द शोधावाच लागायचा. आम्ही तीच चूक गुलाबी रंगात केली होती.

कडकपणावर तर सगळ्यांचं एकमत होतं, नको. जेवण नऊला होईल की बाराला याचा नेम नाही, रिकाम्या पोटी कडक कॉफी गेली की जळजळ. आणि दुसरी गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती. नाइट सुटते आठला, ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सांगून, निघेपर्यंत साडेआठ. घरी जाऊन डबे, मुलांची शाळा, मग दहाला डोळा लागला तर लागला. कॅफिन पोटात गेल्यावर पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. म्हणजे पहाटे चारला घेतलेली कॉफी सकाळची झोप खाते. त्यांना जागवणारी कॉफी नको होती. जागेपणी हातात धरायला काहीतरी गरम हवं होतं.

गुलाबी पाकिटं मात्र संपली! ती घेतली डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी. बिल भरून झालं की वॉर्डात पेढ्यांचा पुडा द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या पुड्याच्या जागी लोक आमची कॉफी नेऊ लागले. म्हणजे नर्सचं चित्र बघून घेणारा माणूस नर्स नव्हता, तिचे उपकार मानणारा होता. ते पाकीट आम्ही बंद केलं नाही, फक्त चित्र बदललं. टोपी आणि ईसीजी गेला, कॉफीच्या फांदीवरची लाल फळं आली.

सिस्टर आणि ब्रदर लोकांसाठी वेगळी कॉफी केली. साठ टक्के अरेबिका, चाळीस टक्के चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, तिच्यात कॅफिन नसतंच. पाकिटावर हे प्रमाण छापावंच लागतं, आम्ही ते मोठ्या अक्षरात छापलं. फिल्टर कुणाकडे नसतो, म्हणून आधी कपावर अडकवायची ड्रिप बॅग करून पाहिली. ती ताईनं दोन रात्रीत परत केली. “पाणी ओतत तीन मिनिटं उभी राहू? बेल वाजली की सोडून जावं लागतं.” मग डिप चहासारखी बॅग केली, आत जाडसर दळलेली पूड. कपात टाकून बेडकडे धावलात आणि दहा मिनिटांनी आलात तरी ती कडूजहर होत नाही. थंड होते, त्याला इलाज नाही.

किमतीचं दुखणं अजून आहे. वॉर्डात दोन रुपयांची इन्स्टंटची पुडी चालते आणि आमची एक बॅग बारा रुपयांची. कंत्राटी सिस्टरच्या पगारात हे रोजचं परवडणारं नाही, हे मला कळतं. 2024 मध्ये रोबस्टाचे भाव जगभर विक्रमी चढले तेव्हा अरेबिकाही महागली. त्या वर्षी भाव वाढवला नाही, बॅगेतली कॉफीही कमी केली नाही. नफा जवळपास गेला. टिकलो ते वर्गणीवर. इन्चार्ज सिस्टर महिन्याची वर्गणी काढतात, वॉर्डाचा एकत्र पुडा मागवतात, आणि एकत्र घेतला की आम्ही दर कमी लावतो.

या कॉफीच्या पाकिटावर नर्स हा शब्द कुठेही नाही. साधं खाकी पाकीट. गेल्या वर्षी ताईच्या सिस्टर रूममध्ये डबा द्यायला गेले, तेव्हा कपाटात आमची सहा-सात पाकिटं ओळीनं उभी होती. प्रत्येकावर स्टिकिंगची, म्हणजे दवाखान्यातल्या चिकटपट्टीची, पांढरी पट्टी, वर पेनानं ‘उघडले 14/3, रा. 2.10’ आणि खाली सही. इंजेक्शनची बाटली उघडली की तारीख-वेळ टाकायची हाताला सवय, ती कॉफीच्या पाकिटावरही उतरली होती. मी तिथेच उभी राहून एकेक पट्टी वाचली.

त्याच्या पुढच्या छपाईपासून आम्ही पाकिटाच्या मागे एक पांढरी पट्टी कोरी सोडतो. तारीख, वेळ, नाव, एवढ्या जागेपुरती.