काटकोनातल्या वेगांची बेरीज

सापेक्षतेतली वेगांची बेरीज म्हटलं की सगळे एका रेषेतलंच उदाहरण देतात, ०.८ सी (सी म्हणजे प्रकाशाचा वेग) आणि ०.८ सी मिळून १.६ सी होत नाही, ०.९७६ सी होतं, झालं, विषय संपला. पण मला विचाराल तर खरी गंमत वेग काटकोनात असतात तेव्हाच आहे.

समजा यान पूर्वेला ०.८ सी नं चाललंय आणि आतल्या बाईने, तिच्या मोजमापाने, बरोब्बर उत्तरेला ०.८ सी नं एक कण सोडला. शाळेतला पायथागोरस सरळ लावला तर जमिनीवरून कणाचा वेग १.१३ सी येतो, जो शक्यच नाही. मग घटतं काय? पटकन वाटतं लांबी आकसली असेल, पण लांबी आकसते ती फक्त यानाच्या दिशेत, उत्तर-दक्षिण अंतर दोघांनाही सेमच. फरक पडतो वेळेत! या वेगाला यानातले ३ सेकंद म्हणजे जमिनीवरचे ५, त्यामुळे तेवढंच अंतर कापायला जास्त वेळ आणि उत्तरेचा वेग उरतो ०.४८ सी. पूर्वेचा ०.८ तसाच. आता लावा पायथागोरस, ०.९३३ सी.

कणाऐवजी प्रकाश सोडून बघा. उत्तरेला ०.६, पूर्वेला ०.८, वर्गांची बेरीज ०.३६ अधिक ०.६४, बरोब्बर १. किती सुंदर आहे हे!

आता क्रम उलटा करा, यान उत्तरेला, कण पूर्वेला. एकूण वेग तोच ०.९३३, पण दिशा आधीपेक्षा तब्बल २८ अंशांनी वेगळी. म्हणजे या बेरजेत आधी कोण नंतर कोण याला महत्त्व आहे, कारण काटकोनातले दोन वेग जोडले की सोबत थोडं फिरणंही येतं.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या भौतिकशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनच्या स्पिनची (म्हणजे जणू स्वतःभोवती फिरण्याच्या गुणधर्माची) कल्पना मांडली तेव्हा त्यावरून काढलेलं वर्णरेषांमधलं (अणूतून निघणाऱ्या प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेषांमधलं) अंतर प्रयोगाच्या दुप्पट येत होतं. १९२६ मध्ये लेवेलिन थॉमसने दाखवलं की केंद्रकाभोवती जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची दिशा सतत बदलते, प्रत्येक बदलात हे फिरणं थोडं थोडं साचतं आणि तेच नेमकं अर्धं अंतर खाऊन टाकतं. हायड्रोजनमध्ये इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या साधारण १३७ वा भाग, तरीसुद्धा!